फॉर्मवर ‘सिकल’ लिहायचं का?

“मावशी, मी गोंदिया जिल्ह्यातली. मला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे नुसती वाहक नाही, प्रत्यक्ष रुग्ण. दहावीला ८४ टक्के होते, बारावी सायन्सला ५१ आले. त्या वर्षात चारदा ॲडमिट होते, केमिस्ट्रीचा पेपर तर सलाईन काढून दिला. मला मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी करायचंय, तेही नागपूरला. काका म्हणतात, वर्षभर ड्रॉप घे आणि मेडिकलच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दे. बाबा म्हणतात, तुला झेपणार नाही, इथंच बीए कर. आई म्हणते, कुठंही जा पण फॉर्मवर आजार लिहू नको, उद्या लग्नाच्या वेळी कोणीतरी उकरून काढेल. बोर्डाच्या फॉर्मवरही लिहिला नव्हता. एवढे कमी मार्क आणि त्यात हे दुखणं. मला कोण घेणार?”

पोरी,

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण झोप त्यानंच उडवलेली असणार. बीएस्सीला बारावी सायन्स पास लागतं, आणि तू पास आहेस. नागपुरातल्या नावाजलेल्या दोन-चार कॉलेजांची मेरिट लिस्ट ५१ टक्क्यांपर्यंत उतरणार नाही, हे आत्ताच मनाशी धर. लिस्टला तुझं डिस्चार्ज कार्ड दिसत नाही. पण त्या दोन-चारांखेरीज पुष्कळ कॉलेजं आहेत, आणि शेवटपर्यंत जागा रिकाम्या राहणारीही आहेत.

तुझ्या घरात बहुतेक कुणी न बोललेली एक गोष्ट सांगते. गोंदिया, भंडारा, वर्धा आणि नागपूर हे चारही जिल्हे एकाच राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाखाली येतात. स्वायत्त कॉलेजं सोडली तर गोंदियाच्या आणि नागपूरच्या कॉलेजात अभ्यासक्रम तोच, पदवीवर विद्यापीठाचं नावही तेच. म्हणजे पहिलं वर्ष घराजवळ काढलंस म्हणून तुझी पदवी हलकी होत नाही, आणि जागा असेल तर दुसऱ्या वर्षी नागपूरला बदलीही मागता येते. मायक्रोबायोलॉजी मिळणार असेल तर नागपूर वर्षभर थांबू शकतं. मात्र बाबांचं बीए हा काही मधला मार्ग नव्हे. तुला न आवडणारा विषय घरापासून पाच मिनिटांवर असला तरी तो न आवडणाराच राहील.

आता निवडायचं कसं? मी २७ वर्षं ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, प्रवेशाच्या टेबलावरही बसले. मुलं इमारत बघतात, कँटीन बघतात, मैत्रिणी कुठे चालल्या ते बघतात. तू ज्या आठवड्यात ॲडमिट असशील त्या आठवड्यात काय होईल, ते विचार. तुझ्या विषयात हा प्रश्न भूगोल-इतिहासापेक्षा अवघड आहे. मायक्रोबायोलॉजीचं प्रॅक्टिकल एका दिवसात संपत नाही. आज प्लेटवर जंतू पसरायचे, २४ किंवा ४८ तास इन्क्युबेटरमध्ये ठेवायचे, मग येऊन वसाहती मोजायच्या. मधल्या दिवशी तू वॉर्डात असलीस तर अख्खा प्रयोग गेला. म्हणून विभागप्रमुखांना भेटून थेट विचारायचं: बुडलेलं प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर करू द्याल का? अंतर्गत परीक्षा चुकली तर पुन्हा घेता का? ७५ टक्के हजेरी भरली नाही तर वैद्यकीय कागदांवर सूट कोण देतं, आणि अर्ज कधी द्यायचा? जे सर किंवा मॅडम शांतपणे उत्तर देतील त्यांचं कॉलेज यादीत वर घे. “ते नंतर बघू” म्हणणाऱ्यांचं खाली, मग इमारत कितीही चकचकीत असो.

लॅबबद्दल आणखी दोन गोष्टी, ज्या ब्रोशरमध्ये नसतात. मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये खायला-प्यायला बंदी असते, आणि असायलाच हवी. पण तुझ्या रक्ताला पाण्याची सतत गरज. शरीरातलं पाणी कमी झालं की पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि क्रायसिस, म्हणजे असह्य दुखण्याचा झटका, येतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तेव्हा तीन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये मध्येमध्ये बाहेर जाऊन पाणी पिण्याची परवानगी पहिल्याच आठवड्यात मागून ठेव. दुसरं म्हणजे सिकलमध्ये प्लीहा, म्हणजे जंतूंशी लढणारा पोटातला अवयव, लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे काही जंतुसंसर्ग तुम्हा मुलांना इतरांपेक्षा फार जोरात होतात. आणि तू शिकणार जंतूच! पदवीच्या लॅबमध्ये बहुतेक साधे, निरुपद्रवी जंतू हाताळतात, म्हणून घाबरू नको. पण प्रवेश घेण्याआधी डॉक्टरांना हा विषय सांग आणि न्यूमोकॉकल, मेनिंगोकॉकल लसी झाल्यात का ते फाइलमध्ये बघून घे. डॉक्टर नको म्हणाले तर विषय बदलावा लागेल. ते आता कळलेलं बरं, दुसऱ्या सत्रात नव्हे.

नागपूरलाच गेलीस तर मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं रात्री दोन वाजता ऑटोनं किती मिनिटांवर आहेत ते आधी मोज, कॉलेज किती मिनिटांवर ते नंतर. तुला ताप चढला किंवा छातीत दुखलं तर सकाळपर्यंत थांबता येत नाही. होस्टेल बघायला जाशील तेव्हा रेक्टरना विचार की डिसेंबरात आंघोळीला गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं. हसू नको, थंडी हे क्रायसिसचं मोठं कारण आहे आणि नागपूरचा हिवाळा कडक असतो. खोली खालच्या मजल्यावर माग. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, आणि उन्हाळी परीक्षा त्याच सुमाराला आल्या तर दुपारच्या पेपरला पाण्याची बाटली आणि छत्री विसरून चालणार नाही.

आता आईचं. तिच्यावर चिडू नको. आपल्याकडे ‘सिकलवाली पोरगी’ हा शब्द कसा उच्चारतात ते तिनं ऐकलेलं आहे. पण न लिहिण्याची किंमत तू एकदा भरली आहेस, ती तिला समजावून सांग. आपल्या राज्यात सिकलसेलच्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या पेपरला तासाला २० मिनिटं जादा मिळतात. तीन तासांच्या पेपरला एक तास. केमिस्ट्रीच्या दिवशी सलाईन काढून आलेल्या मुलीला तो तास मिळाला असता तर ५१ चे किती झाले असते ते मी सांगू शकत नाही, पण तास तुझ्या हक्काचा होता आणि तो लपवण्यात गेला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहेत. तुझ्या प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त लागले तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत ५ टक्के राखीव जागांमधून अर्ज करता येतो. ५१ टक्क्यांच्या मुलीसाठी हे दार मोठं आहे. ४० च्या आत आले तर आरक्षण नाही, पण वाजवी सवलती मागण्याचा रस्ता बंद होत नाही. एक खोच मात्र आहे. मायक्रोबायोलॉजीची तुकडी बऱ्याच ठिकाणी विनाअनुदानित असते आणि फीही जास्त असते, म्हणून “कॉलेज अनुदानित आहे का” एवढं विचारून थांबू नको, “ही तुकडी अनुदानित आहे का” असं विचार.

प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज याच आठवड्यात भर. सरकारी रुग्णालयात बोलावतील तेव्हा सिकलचं निदान करणाऱ्या रक्ततपासणीचा, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिसचा किंवा एचपीएलसीचा, रिपोर्ट, सगळी डिस्चार्ज कार्डं आणि रक्त चढवल्याच्या नोंदी तारखेप्रमाणे लावून ने. माझ्या टेबलासमोर “प्रमाणपत्र पुढच्या सोमवारी मिळणार आहे” म्हणत उभी राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. यादी सोमवारची वाट बघत नाही.

आईला हेही सांग की पदवीच्या कागदावर आजार छापत नाहीत. फॉर्म ऑफिसच्या फाइलीत राहतो. वर्गभर दवंडी पिटायची गरज नाहीच. विभागप्रमुख, रेक्टर आणि खोलीतली एक मैत्रीण, एवढ्या तिघांना पुरे. त्यांच्याकडे एक चिठ्ठी असू दे: एसएस पॅटर्न, रक्तगट, रोजच्या हायड्रॉक्सीयुरिया गोळीचा डोस, डॉक्टरांचा आणि बाबांचा नंबर. आणि लग्न? ते अजून कोसभर लांब आहे, पण आईच्या मनातली गाठ तीच आहे म्हणून सांगते. जोडीदाराची तपासणी एए, म्हणजे सिकल नाही, अशी आली तर तुमची मुलं वाहक होतील, आजारी एकही नाही. एएस, म्हणजे वाहक, आली तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता निम्मी. म्हणजे तपासणी दोघांची व्हायची आहे, आणि जिथं रोजची गोळी चोरून घ्यावी लागेल ते स्थळ कशाला हवं?

काकांच्या नीटबद्दल मी थोडक्यात आटोपते. तुझ्या पत्रात डॉक्टर व्हायचंय असं एकही वाक्य नाही. नुकतंच शरीर पिळून काढून गेलेल्या वर्षावर कोचिंगचं दहा तासांचं वर्ष रचायला मी सांगणार नाही. काकांना नमस्कार सांग.

मार्क वाढवायला बारावीची श्रेणीसुधारची परीक्षा देऊ का, हे तू विचारलं नाहीस पण विचारशील. यंदा नको. बीएस्सीसाठी गरज नाही.

आणि मध्येच एखादं वर्ष आजारानं खाल्लं तर? नव्या शैक्षणिक धोरणात मिळवलेले क्रेडिट्स, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक, अकॅडमिक बँक नावाच्या खात्यात जमा राहतात. पहिल्या वर्षानंतर ठरलेले क्रेडिट्स आणि एक छोटा व्यवसाय अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र घेऊन थांबता येतं, नंतर परत येता येतं. मुक्त विद्यापीठाला ‘नापासांचं’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नको, पण जंतू घरी वाढवता येत नाहीत, म्हणून तुझ्या विषयाला ती वाट सध्या कामाची नाही.

बाबांशी वाद घालू नको, त्यांना बरोबर ने. आधी गोंदियातलं एक कॉलेज, मग नागपुरातली दोन. एसटीत सिकलच्या रुग्णांना मोफत प्रवासाची सवलत आहे, तिचे कागद आगारात विचारून घे. विभागप्रमुखांसमोर प्रश्न तू विचार, बाबांना नुसतं ऐकू दे. मुलगी स्वतःच्या गोळीचा डोस, पाण्याचं गणित आणि हजेरीचे नियम तोंडपाठ सांगते, हे त्यांनी बहुधा अजून पाहिलेलं नाही. आणि निघताना सकाळची गोळी घ्यायची राहिली नाही ना, ते बघ.

तुझी,
मावशी