ग्रे आयर्नची ताकद वाढवायचीय? क्रोमियमआधी तांबं बघ

मित्रा, ग्रे आयर्नच्या (राखाडी बिडाच्या) कास्टिंगला २५० ग्रेडची, म्हणजे २५० मेगापास्कल ताणताकद मिळत नाही म्हणून लगेच क्रोमियम टाकू नकोस. आधी कार्बन इक्विव्हॅलंट (कार्बनमध्ये सिलिकॉन, फॉस्फरसचा परिणाम धरून काढलेला टक्का) तपास. ते ४.२ च्या वर असेल तर ग्राफाइटच्या पाकळ्याच जाड पडतात, मग महागडी भर घालून फारसं काही हाती लागत नाही. ते जागेवर असेल तर ०.५ ते ०.८ टक्के तांबं घाल. तांबं फेराइट (लोखंडाची मऊ रचना) कमी करून पर्लाइट (मजबूत रचना) वाढवतं, शिवाय पातळ भागात चिल, म्हणजे पांढरा कडक थर, आणत नाही. मला तेच सर्वात भरवशाचं वाटतं. क्रोमियमनं पर्लाइट बारीक होतं खरं, पण कार्बाइडही (कार्बनची फार कडक संयुगं) बनतात, पातळ कडा पांढऱ्या पडतात आणि मशीन शॉपमध्ये टूल तुटतात. भंगारातूनही क्रोमियम येतंच, म्हणून स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट हातात आल्याशिवाय भर तोलायला वजनकाट्याकडे जाऊ नकोस. कथील घातलंस तर ते मात्र ०.१ टक्क्याच्या आतच ठेव, नाहीतर कास्टिंग ठिसूळ होतं.