जठराच्या शस्त्रक्रियेनंतर तपासण्या किती वर्षे?

प्रश्न : माझ्या यजमानांचे जठर कर्करोगामुळे तीन वर्षांपूर्वी संपूर्ण काढावे लागले. त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीची लठ्ठपणासाठी गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली. आज दोघेही हिंडतात-फिरतात. बहिणीने वर्षभरापासून गोळ्या आणि तपासण्या बंद केल्या आहेत. यजमान स्कॅन कधी चुकवत नाहीत, पण बी-१२ च्या इंजेक्शनाचा कंटाळा करतात. वजन दोघांचेही उतरले आहे. हे सारे कुठवर चालू ठेवावे लागते?
— एक वाचक भगिनी

उत्तर : वजन दोघांचेही उतरले, हे आपण सहज लिहून गेलात, पण त्याचा अर्थ दोघांच्या बाबतीत वेगळा आहे. बायपासनंतर पहिल्या वर्ष-दीड वर्षात मूळ वजनाचा पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक उतरणे अपेक्षितच असते आणि पुढे त्यातले थोडे परत वाढले, तरी शस्त्रक्रिया फसली असे समजू नये. आपल्या यजमानांचे वजन मात्र सुरुवातीच्या महिन्यांत घटून नंतर स्थिरावायला हवे होते. तिसऱ्या वर्षीही ते उतरतच असेल, तर आहार कमी पडतो आहे, अन्न अंगी लागत नाही की आजार परतला आहे, याचा छडा लावायलाच हवा.

टाके सुकणे आणि रुग्ण बरा होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. व्हिएन्नात १८८१ साली शल्यविशारद बिलरोथ यांनी कर्करोगासाठी जठराचा भाग यशस्वीपणे काढला, रुग्ण महिला त्यातून उठलीही. परंतु आजार परतल्यामुळे काही महिन्यांतच ती दगावली. आजार उलटण्याचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वाधिक असतो, म्हणून यजमान स्कॅन चुकवत नाहीत हे फार चांगले आहे. पाच वर्षे निर्धोक गेली, तर हा तपासण्यांचा ससेमिरा बराच कमी होतो.

इंजेक्शनाचे तसे नाही. ते जन्मभराचे आहे. बी-१२ आतड्यात नीट शोषले जाण्यासाठी जठराच्या अस्तरात तयार होणारे एक प्रथिन लागते. यजमानांचे जठरच उरलेले नाही, आणि बहिणीचे जठर जागेवर असले तरी अन्न त्याच्या बहुतांश भागाला वळसा घालून जाते. फसगत होते ती यकृतातल्या साठ्यामुळे, कारण तो काही वर्षे पुरतो आणि तोवर माणसाला काहीच जाणवत नाही. मग तळपायांना मुंग्या येऊ लागतात, अंधारात तोल जातो, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. इतका उशीर झाल्यावर नसांची हानी पूर्ण भरून येईलच असे नाही. अशा वेळी नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेणे तर घातकच, कारण हिमोग्लोबिन सुधारलेले दिसते आणि नसांचे नुकसान आतल्या आत चालूच राहते.

लोह मुख्यतः लहान आतड्याच्या ज्या पहिल्या भागात शोषले जाते, तोही अन्नाच्या वाटेतून वगळला गेल्यामुळे बहिणीला रक्तक्षय होऊ शकतो, आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्व कमी पडले तर हाडे विरळ होतात. म्हणून तिच्या वार्षिक रक्ततपासण्या आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या गोळ्या आयुष्यभर चालू राहायला हव्यात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके तिने परस्पर घेऊ नयेत, कारण त्यांमुळे जठर आणि आतडे जोडलेल्या ठिकाणी व्रण होऊ शकतो. धूम्रपानानेही तेच होते. पोटात अचानक जोराची कळ आली, तर शस्त्रक्रियेला कितीही वर्षे झालेली असोत, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि बायपास झाल्याचे आधी सांगावे, कारण शस्त्रक्रियेमुळे पोटात तयार झालेल्या फटीत आतडे अडकलेले असू शकते. काही दिवस सतत उलट्या होत राहिल्या, तर बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने घटून मेंदूला इजा होते; ग्लुकोजचे सलाईन लावण्यापूर्वी ते जीवनसत्त्व द्यावे लागते.

बहिणीने याच आठवड्यात हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी), बी-१२, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. यजमानांची किती इंजेक्शने चुकली ते लिहून पुढच्या भेटीत न्यावे. मात्र पायांना मुंग्या येत असतील, तर त्या भेटीची वाट न पाहता आजच डॉक्टरांना कळवावे.