कायदा सल्ला : सामाईक जमिनीवरील बांधकाम आणि ‘निशाणी ५’

प्रश्न : वाटप झालेले नसताना चुलत दिरांनी सामाईक जमिनीत रस्त्यालगत पाया खणायला घेतला आहे. दावा चालेपर्यंत काम थांबवता येईल का?

उत्तर : ताई, थांबवता येते; मात्र त्यासाठी वाटपाचा दावा दाखल करून त्यासोबत दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ३९, नियम १ व २ खाली तात्पुरत्या मनाईचा अर्ज, म्हणजे आपल्या न्यायालयांतील ‘निशाणी ५’, प्रतिज्ञापत्रासह द्यावा लागतो. प्रथमदर्शनी हक्क, सोयीचा तोल (मनाई दिल्याने वा नाकारल्याने कोणाची गैरसोय जास्त होईल) आणि पैशाने भरून न येणारे नुकसान या तीन कसोट्या न्यायालय पाहते. सातबारा, फेरफार आणि पायाची तारखेसह छायाचित्रे आजच जमवा, कारण भिंत छतापर्यंत जाईतो गप्प बसलेल्या अर्जदाराला दिलासा मिळणे अवघड होते, आणि माझ्या मते बहुतेकांचे हातचे प्रकरण इथेच निसटते.

निकड असेल तर समोरच्यांना न ऐकताही हुकूम मिळू शकतो. मग अर्ज, दावा व कागदपत्रांच्या प्रती त्यांना लगेच पाठवून तसे प्रतिज्ञापत्र त्याच किंवा दुसऱ्या दिवशी द्यावे लागते. त्यांनी आधीच कॅव्हेट, म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज, दाखल केले असेल, तर त्यांना नोटीस द्यावीच लागेल. हुकूम मोडल्यास मालमत्तेची जप्ती आणि ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते.