ऑनलाइन लिलावातला जुना रेडिओ विजयदुर्गला मागवायचा आहे, कुरिअर परवडेल की ट्रान्सपोर्ट?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: इंदूरच्या विक्रेत्याचा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीचा, आत काचेच्या नळ्या असलेला) रेडिओ तुम्ही 4,200 रुपयांना जिंकलात, वजन 9 किलो. कुरिअरचे तो 2,900 मागतोय, ट्रान्सपोर्टचे 700 सांगतोय, आणि एवढी तफावत कशी हे तुम्हाला कळत नाही.

मीही देवगड तालुक्यातलाच. आजवर अकरा रेडिओ असेच मागवले, त्यातले दोन फुटून आले. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून काही कळणार नाही, कारण 2,900 मध्ये बहुधा तुमचं दार धरलंय आणि 700 मध्ये कणकवलीचं गोडाउन.

आधी 2,900 चं बघू. कुरिअरवाले काट्यावरचं वजन आणि पेटीचं आकारमानी वजन यांत जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा 5000 ने भागायचं. विक्रेत्याने घरात पडलेलं 60×50×50 चं खोकं घेतलं असेल तर 1,50,000 भागिले 5000, म्हणजे 30 किलो. रेडिओ 9 चा, बिल 30 चं! तोच रेडिओ सगळीकडून पाच-पाच सेंटिमीटर फोम ठेवून 55×35×40 च्या पेटीत बसला तर 15.4 किलो होतात. म्हणून घासाघीस करण्याआधी त्याला पेटीची मापं विचारा. निम्म्या वेळा भाव तिथेच उतरतो. मात्र पाच सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका, माझा पहिला फुटलेला रेडिओ तसाच आला होता. डायलची काच गेली, आणि ती आता कुठे मिळत नाही.

दुसरी गोम पिनकोडात आहे. आपल्या सिंधुदुर्गाचे पिन 416 ने सुरू होतात, कोल्हापूरचेही 416 नेच. (15 ऑगस्ट 1972 ला ही पद्धत सुरू झाली, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांना दोष नाही, डाक घाट उतरूनच येते.) मला दोनदा असा अनुभव आला की विक्रेत्याने पहिले तीन आकडे बघून कोल्हापूरचा दर सांगितला, आणि बुकिंग झाल्यावर 'ओडीए' म्हणून जादा आकार निघाला. ओडीए म्हणजे कुरिअरच्या नेहमीच्या वाटपाच्या हद्दीबाहेरचं गाव. आपली किनाऱ्यावरची बरीच गावं त्यात मोडतात. एकदा तर जादा पैसे भरूनही फोन आला, 'कणकवलीला येऊन घेऊन जा.' तेव्हा सहाही आकडे देऊन, ओडीए धरून, दारात पोचवण्याचा दर लेखी मागा. मेसेजवर चालेल.

आता 700. ट्रान्सपोर्टला माल 'गोडाउन डिलिव्हरी' येतो, म्हणजे दारात नाही, गोडाउनला जाऊन आपणच आणायचा. भाडं 'पेड' (आधीच भरलेलं) आहे की 'टू-पे' (माल घेताना भरायचं) ते बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, बघा, नाहीतर विक्रेत्याला दिलेले पैसे पुन्हा गोडाउनवर भरायची पाळी येते. वर बिल्टीचा खर्च आणि हमाली. मग कणकवलीहून तळेरे आणि तिथून आत पन्नासेक किलोमीटर विजयदुर्ग. खास गाडी केलीत तर कुरिअर स्वस्त वाटेल. त्यापेक्षा पेटी गोडाउनला दोन दिवस राहू द्या, आणि तुमच्या बाजूचा कुणी कणकवलीला येणार असेल त्याच्याकडून उचला. किती दिवस फुकट ठेवतात ते फोनवर विचारून घ्या.

आपल्याकडे आणखी एक सोय आहे, जी कुठल्याच दरपत्रकात सापडणार नाही. मार्च ते मे आपले आंब्याचे टेम्पो वाशीला पेट्या घेऊन जातात आणि येताना बऱ्याचदा रिकामे असतात. माझे चार रेडिओ असेच आले. विक्रेत्याने मुंबईपर्यंत ट्रान्सपोर्टने पाठवले, भाच्याने उचलून वाशीला टेम्पोत ठेवले. ड्रायव्हर म्हणाला, ''हाडतंय मा, भाड्याचा मागे बघू.'' (आणतो ना, भाड्याचं नंतर बघू.) मागे बघितलं तेव्हा दोनशे रुपये झाले, आणि पेटी थेट घराच्या पायरीवर. इतर महिन्यांत एसटीचं पार्सल किंवा खाजगी ट्रॅव्हल्सची डिकी. फक्त गणपतीच्या आधीचे आठ-दहा दिवस टाळा, तेव्हा डिकीत चाकरमान्यांचं सामान मावत नाही. आणि भर पावसात लाकडी कॅबिनेट मागवूच नका. मागवलंत तर आत प्लास्टिक, बाहेर प्लास्टिक.

छोट्या वस्तूंना, म्हणजे व्हॉल्व्ह, नॉब, जुनी पोस्टाची तिकिटं, मी डोळे मिटून स्पीड पोस्ट सांगतो. पोस्टमन आपल्या वाडीतही येतो, त्याला ओडीए माहीत नाही. अर्धा किलोपर्यंतचं पाकीट देशात कुठूनही सव्वाशेच्या आत येतं. 2025 पासून रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलेलं नाही, ते स्पीड पोस्टातच मिसळलंय. विक्रेता अजून 'रजिस्टर करतो' म्हणत असेल तर नोंदणीची जादा सोय घ्यायला सांगा, मग पाकीट तुमच्याच हातात पडेल. पण भरपाईच्या भरवशावर राहू नका. स्पीड पोस्ट हरवलं तर आकाराच्या दुप्पट किंवा 1,000 रुपये, यांत जे कमी असेल ते मिळतं. चार हजारांची वस्तू असेल तर विमा वेगळा काढायलाच हवा. कुरिअरच्या पावतीमागची बारीक अक्षरंही एकदा वाचा, तिथेही मर्यादा असते.

परदेशी लिलावातून व्हॉल्व्ह घ्यायचे मनात असेल तर एवढं धरा: कस्टम ड्युटी वस्तूच्या किमतीत वाहतूक आणि विमा मिळवून लागते. म्हणजे महाग एक्सप्रेस घेतलंत की ड्युटीही वाढते, वर कंपनीचा क्लिअरन्सचा आकार वेगळा. 'गिफ्ट लिहितो' म्हणणाऱ्याला नको म्हणा, डिसेंबर 2019 पासून गिफ्ट म्हणून ड्युटी चुकवता येत नाही. एकाच विक्रेत्याकडून तीन-चार लॉट जिंकून एका पाकिटात मागवणं हाच खरा फायदा.

तुमच्या रेडिओला मी ट्रान्सपोर्टच घेईन. 700, त्यावर हमाली-बिल्टी, कणकवलीहून आणण्याचे दोन-तीनशे, असे हजार-अकराशे धरा. उरलेल्या पैशांतले तीनशे विक्रेत्याला चांगल्या पॅकिंगचे द्या. व्हॉल्व्ह काढून वेगळे गुंडाळायला सांगा आणि कुठला कुठे होता त्याचा फोटो मागा. ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू आवळलेत का तेही विचारा, वाटेत तोच सुटून आतलं सगळं फोडतो. गोडाउनला पेटी ताब्यात घेताना हळूच कलती करून ऐका. आत खुळखुळ वाजलं किंवा कोपरा दबलेला दिसला, तर सही करण्याआधी त्यांच्या प्रतीवर तसं लिहा आणि फोटो काढा. माझ्या दुसऱ्या फुटक्या रेडिओच्या वेळी मी आधी सही केली होती.