वाचकांचे प्रश्न : घोड्याच्या साहाय्याने उपचार

प्रश्न : माझा नातू साडेपाच वर्षांचा असून त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर नीट ताबा न राहणे) आहे. त्याचे दोन्ही पाय ताठ राहतात आणि आधाराशिवाय तो फार वेळ बसू शकत नाही. एक सेवाभावी संस्था अशा मुलांना घोड्यावर बसवून विनामूल्य उपचार देते, असे कळले. सुनेला उत्साह आहे, माझ्या मुलाला, म्हणजे नातवाच्या वडिलांना, मात्र भीती वाटते. या उपचाराने नातू चालू लागेल का?
— एक आजी, डिचोली

उत्तर : चालू लागेल असे आश्वासन कोणत्याही जबाबदार संस्थेने देता कामा नये, आणि कुणी दिलेच तर आपण तेथून परत यावे. मात्र बसण्याचा तोल, धड सावरण्याची ताकद आणि पायांचा ताठरपणा या तीन बाबतींत उपयोग होण्याची शक्यता खरी आहे आणि त्यामागचे कारणही समजण्यासारखे आहे. घोडा संथ चालतो तेव्हा त्याची पाठ एकाच वेळी पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि किंचित पिळल्यासारखी हलते; माणूस चालताना त्याच्या कमरेची जी हालचाल होते, तिच्याशी ही हालचाल बरीच मिळतीजुळती असते. ज्या मुलाने कधी पाऊल टाकलेले नाही, त्याच्या शरीराला चालण्याची लय अशी बसल्या जागी मिळते. मिनिटाला साधारण शंभर पावले धरली, तर वीस मिनिटांत सुमारे दोन हजार वेळा त्याला आपला तोल सावरावा लागतो, आणि टेबलावर करून घेतलेल्या व्यायामात हे साधणे अवघड असते. शिवाय घोड्याच्या अंगाचे तापमान सुमारे ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्यापेक्षा किंचित अधिक असते. मांड्या फाकवून त्या उबदार पाठीवर बसल्याने आतल्या बाजूचे आखडलेले स्नायू काही काळ सैलावतात. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी खोगीर न घालता जाड गादी आणि हाताला धरायची मूठ असलेला पट्टा वापरतात.

या उपचाराविषयी बोलताना डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९४४ मध्ये पोलिओ होऊन त्यांचे पाय गुडघ्याखाली लुळे पडले, तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवले, आणि त्यानंतर युरोपात या पद्धतीला जोर आला. उदाहरण स्फूर्तिदायक आहे, परंतु त्या आजाराआधीपासूनच निष्णात घोडेस्वार होत्या, हे विसरून आपल्या नातवाचे माप त्यांच्याशी लावू नये. आजवरच्या अभ्यासांत तोल आणि शरीराच्या मोठ्या हालचाली सुधारल्याचे दिसले आहे. तथापि बरेचसे अभ्यास लहान आणि थोड्या काळाचे आहेत, त्यामुळे सध्या चालू असलेली फिजिओथेरपी थांबवून हा उपचार घेणे चुकीचे ठरेल.

पहिल्या भेटीपूर्वी दोन गोष्टी कराव्यात. पाय आखडलेल्या मुलांमध्ये खुब्याचा सांधा हळूहळू निसटण्याचा धोका असतो, म्हणून खुब्याचा एक्स-रे काढून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हे होऊ शकते. तसेच त्याला आकडी येत असेल आणि ती औषधाने आटोक्यात नसेल, तर घोड्यावर बसवू नये. (डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पालकांनी मानेच्या वरच्या मणक्यांची तपासणी न चुकता करून घ्यावी.) हे कागद मागितल्याशिवाय जी संस्था मुलाला लगेच घोड्यावर चढवते, तिचा हेतू कितीही चांगला असला तरी तिच्यावर भरवसा ठेवू नये. एखाद्या मुलाला ‘नाही’ म्हणण्याची संस्थेची तयारी आहे का, यावरून तिची पारख होते.

प्रत्यक्ष सत्रात एक जण घोडा धरून चालतो आणि दोन्ही बाजूंना एकेक जण मुलाला आधार देत चालतो. मुलाच्या डोक्यावर हेल्मेट असते. यांखेरीज, उद्दिष्ट ठरवणारा आणि दर काही आठवड्यांनी प्रगती नोंदवणारा फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट कोण आहे, हे नावानिशी विचारावे. आपल्या मुलाची भीती मला अस्थानी वाटत नाही. आपल्या भागात अनेकांनी घोडा जवळून पाहिला तो शिगम्याच्या (गोव्यातील होळीच्या उत्सवाच्या) घोडेमोडणी नाचात, नाचणाऱ्याच्या कमरेला बांधलेला लाकडी. तेव्हा नातवाच्या वडिलांनी आधी एकटे जाऊन एक पूर्ण सत्र पाहावे आणि मगच निर्णय घ्यावा.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी स्वमग्न आहे. तिला घोडा आवडतो, पण ती त्यावर बसायला तयार नाही. तिला संस्थेत नेण्यात अर्थ आहे का?
— एक पालक, म्हापसा

उत्तर : आहे. घोड्याला खरारा करणे, चारा देणे, त्याला दोरीने चालवणे हेही या कामाचेच भाग आहेत, आणि काही कार्यक्रमांत तर स्वारी मुळीच नसते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ६ ते १६ वर्षांच्या १२७ स्वमग्न मुलांचे दोन गट केले होते. एका गटाने दहा आठवडे घोडेस्वारी केली, तर दुसऱ्याने तेवढाच काळ तबेल्यात जाऊन जिवंत घोड्याशिवाय घोड्यांविषयीचे धडे घेतले. पहिल्या गटात चिडचिड आणि अतिचंचलता अधिक कमी झाली, म्हणजे केवळ घराबाहेर पडण्याचा तो परिणाम नव्हता. त्या मुलांनी स्वारी केली होती, त्यामुळे तोच निष्कर्ष जमिनीवरच्या कामाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही मुलीला ओढून घोड्यावर बसवण्यापेक्षा तिला खरारा हातात घेऊ देणे केव्हाही शहाणपणाचे आहे. घोड्याला अगदी नाकासमोरचे आणि थेट पाठीमागचे दिसत नाही, म्हणून त्याच्या खांद्याच्या बाजूने जवळ जायचे, एवढा नियम मात्र तिला पहिल्या दिवशीच शिकवावा.

प्रश्न : आमच्या मंडळाला एका गृहस्थांनी आपला म्हातारा घोडा दान देऊ केला आहे. त्यावर आम्ही तालुक्यातील दिव्यांग मुलांसाठी अशी सेवा सुरू करू शकू का? मुक्या प्राण्याला राबवल्याचा दोष तर लागणार नाही ना?
— मंडळाचे कार्यवाह, फोंडा

उत्तर : दानाचा घोडा स्वीकारण्यापूर्वी तो पशुवैद्यकांकडून तपासून घ्यावा आणि चारही पाय तो सारखे टाकतो का, हे कठोरपणे पाहावे. किंचित लंगडणारा घोडा मुलाला वाकडी लयच देईल, मग त्याचा स्वभाव कितीही गरीब असो. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशाहून अधिक भार नसावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हाताऱ्या घोड्यासाठी त्याहूनही कमी धरावा.

खर्चाचा अंदाज बहुतेक मंडळे चुकतात, कारण ती सत्रांचा हिशेब करतात आणि घोड्याचा करत नाहीत. जून ते सप्टेंबर सत्रे फारशी होणार नाहीत, पण चारशे किलोच्या घोड्याला रोज सुमारे सहा ते दहा किलो कोरडा चारा लागतच राहील, दर सहा ते आठ आठवड्यांनी खुरांची निगा राखावी लागेल, आणि आपल्या दमट हवेत ओल्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या घोड्याचे खूर सडू नयेत म्हणून उंच, कोरडा तबेला बांधावा लागेल. संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदवणे यापेक्षा कितीतरी सोपे आहे. माझ्या मते, वर्षभराचा चारा, मोतद्दाराचा (घोड्याची निगा राखणाऱ्याचा) पगार आणि पशुवैद्यकाचे शुल्क बँकेत जमा असल्याशिवाय पहिले मूल घोड्यावर बसवू नये.

दोषाचे म्हणाल, तर घोड्याला काम दिल्याने तो लागत नाही, त्याचा थकवा न ओळखल्याने लागतो. कान मागे पाडणे, शेपटी झटकत राहणे, गादी बांधताना चावायला वळणे ही नाराजीची चिन्हे दिसताच त्या दिवसाचे काम थांबवावे. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढण्यापूर्वीच सत्रे आटोपावीत. घोडा कामातून निवृत्त झाल्यावर त्याला कुठे आणि कोणाच्या खर्चाने सांभाळायचे, हा ठराव मंडळाच्या पहिल्याच बैठकीत लेखी करून ठेवावा. आपल्याला मिळणारा घोडा आधीच म्हातारा असल्यामुळे ती वेळ लवकरच येईल.