प्लास्टर निघाल्यावरही न थांबणारी वेदना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम, म्हणजेच सीआरपीएस, या दुखापतीनंतर हातापायात रेंगाळणाऱ्या तीव्र वेदनेच्या विकाराविषयी पुण्यात जनजागृती करण्याचा तुझा विचार मला पटला. मात्र संभाजी उद्यानाबाहेर फलक घेऊन उभे राहण्याचा बेत सोडून दे. हा विकार विरळा आहे आणि रस्त्याने जाणाऱ्या बहुतेकांची त्याच्याशी कधीच गाठ पडणार नाही. दुचाकीवरून घसरून मनगट मोडलेले रुग्ण, त्यांना घेऊन येणारे नातलग आणि प्लास्टर कापणारे कर्मचारी हे तुझे खरे श्रोते असून ते अस्थिरोग विभागाच्या बाकांवर भेटतील. नोव्हेंबरात या विकारासाठी जगभर नारिंगी रंग वापरतात. आपल्याकडे त्या रंगाचा लोक भलताच अर्थ लावतील, म्हणून फितींचा खर्चही वाचव.

हाड जुळले, एक्स-रे चांगला आला, तरीही दुखापतीच्या मानाने कितीतरी जास्त जळजळ होते, ओढणीचा स्पर्श किंवा पंख्याचा वारा सोसवत नाही, हात कधी लाल व गरम तर कधी निळसर व गार पडतो, सूज आणि घाम येतो, बोटे ताठरतात, नखांची व केसांची वाढही बदलते, हे त्यांना सावकाश समजावून सांग. याचे निदान एका तपासणीने होत नाही. 2003 मध्ये बुडापेस्ट येथील बैठकीत ठरलेल्या निकषांनुसार डॉक्टरांना रुग्णाचे ऐकून, हात पाहून आणि इतर कारणे वगळूनच ते करावे लागते. एक्स-रे चांगला आला की घरातले ‘नाटक करते’ म्हणू लागतात, आणि दुर्दैवाने काही डॉक्टरही तसेच सुचवतात.

त्यांना सांग की 1864 मध्येच अमेरिकन डॉक्टर सायलस वेअर मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन यादवी युद्धातील जखमी सैनिकांच्या अशा जळत्या वेदनेचे वर्णन केले होते; गोळी लागलेल्या त्या सैनिकांना कोणी नाजूक म्हणणार नाही. नेमके कारण अजून पूर्ण उलगडलेले नसले, तरी दाह, मज्जातंतूंची वाढलेली संवेदनशीलता आणि मेंदूकडून होणारे त्या अवयवाचे बदललेले आकलन यांचा त्यात वाटा असतो.

उपचारांविषयी बोलताना जपून बोल. हात झोळीत जपून ठेवल्याने ताठरपणा वाढतो, आणि जोरजबरदस्तीची मालीश वेदना भडकवते. म्हणून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली थोडी थोडी हालचाल, मऊ कापडापासून खरखरीत टॉवेलपर्यंत स्पर्शाची सवय आणि काहींसाठी आरशासमोरचे व्यायाम लवकर सुरू करणे हिताचे असते. बरेच रुग्ण सुधारतात, परंतु काहींची वेदना वर्षानुवर्षे राहते, त्यामुळे ‘पूर्ण बरे व्हाल’ असे वचन कोणालाही देऊ नकोस.

पत्रकात एक इशारा ठळक छाप: प्लास्टर असतानाच वेदना झपाट्याने वाढली, बोटे सुन्न किंवा निळी पडली, तर सीआरपीएसचा विचार करत न बसता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. मजकुराचा कच्चा खर्डा छापण्यापूर्वी मला दाखव.