सोलापुरात घरच्या घरी मोटारसायकलला स्लिपर क्लच बसवता येईल का?

बसवता येतो, मात्र आपल्या मॉडेलसाठीच बनवलेला संच मिळत असेल तरच. दुसऱ्या गाडीच्या क्लचचा हब (प्लेटा ज्यावर बसतात तो मधला भाग) जुळवण्याच्या फंदात पडू नये. वेगात असताना भराभर गिअर उतरवले की इंजिनचा उलटा ओढा मागच्या चाकावर येऊन ते उड्या मारू लागते. स्लिपर क्लचमधील हब आणि प्रेशर प्लेट (बाकीच्या प्लेटा दाबून धरणारी तबकडी) यांच्यातील तिरके उतार अशा वेळी प्लेटांवरचा दाब कमी करून क्लच किंचित घसरू देतात. सात रस्ता चौकाच्या गर्दीत किंवा आपल्या सपाट रस्त्यांवर याचा फारसा फरक जाणवणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही बसवायचाच असेल, तर इथल्या उन्हात तापलेले इंजिन आधी पूर्ण थंड होऊ द्यावे. क्लच कव्हर काढल्यावर मधला नट सोडवण्यासाठी हब धरून ठेवणारे खास हत्यार लागते. स्क्रूड्रायव्हर अडकवून काम उरकणारे हमखास काहीतरी मोडून घेतात. ओल्या, म्हणजे ऑइलमध्येच चालणाऱ्या क्लचच्या नव्या फ्रिक्शन (घर्षण) प्लेटा बसवण्यापूर्वी इंजिन ऑइलमध्ये नीट भिजवाव्यात, गॅस्केट नवीनच घालावे आणि नट सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापानेच आवळावा. टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच नट आवळता येणारा पाना) हाताशी नसेल, तर गाडी सरळ गॅरेजमध्ये न्यावी.